वहिनीच्या पाटीची शिरोरेषा

पाट्या रंगवणाऱ्याकडे जायची आपल्या घराला काही गरज नाही, असं मी वहिनीला छातीठोकपणे सांगितलं. माझं पहिलं पाऊल चुकलं ते तिथेच!

माझ्याकडे लाकडावर अक्षरं कोरणारं यंत्र आहे. मी स्वतः जुळवलेलं! त्याच्या स्टेपर मोटरी पावलं मोजून चालतात. दोनशे पावलं जा म्हटलं की दोनशे जातात. पण वाटेत एखादं पाऊल चुकलं, तर त्यांना पत्ता नसतो. पोचलो कुठे, हे बघायची त्यांना सवयच नाही. या बाबतीत त्या थेट आमच्या दादावर गेल्या आहेत.

वहिनीने बारा वर्षं जेवणाच्या टेबलावर शिवणकाम केलं. ताटं मांडायची वेळ झाली की मशीन उचलायचं, जेवणं झाली की पुन्हा मांडायचं. रविवारी सकाळी दहाला तिचं स्वतःचं दुकान उघडणार होतं. पाटीवर तिला एवढंच हवं होतं: ‘शिवणघर. कपडे वेळेवर मिळतील.’ हे सांगताना ती अशी काही लाजली की पाटी झकासच झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

शनिवारी सकाळी मी तीन फळ्या आणल्या. टेबलाच्या एका टोकाला माझं यंत्र, दुसऱ्या टोकाला घाईची शेवटची ऑर्डर शिवत बसलेली वहिनी. यंत्र आधी एका शब्दाची अक्षरं कोरतं आणि मग त्यावर शिरोरेषा ओढतं. पहिल्या फळीवर ती रेषा डोक्यावर न येता थेट अक्षरांच्या पोटातून गेली. चारही शब्द खोडल्यासारखे दिसायला लागले.

वहिनीने पाटी निरखून पाहिली. “भावजी, दुकान उघडायच्या आधीच बंद केलंत?”

मी माझ्या वायरमन मित्राला फोन लावला. तो शिडीवर चढलेला होता. नॉईज येतोय, तो बंद कर, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

हात्तिच्या! म्हणजे गोंगाटाने मोटर बिथरते तर! मी घरात फर्मान काढलं. दादाचा रेडिओ बंद. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. वहिनीनेही शिलाई मशीन थांबवलं आणि सगळे चवड्यांवर चालू लागले. दुसऱ्या फळीवर ‘शिवणघर’ सुरेख उमटलं. ‘कपडे’ही. माझं म्हणणं खरं ठरलं होतं! मी दादाकडून खुणेनेच शाबासकी वसूल केली.

तेवढ्यात वहिनीचा धीर सुटला. एवढी एकच शिवण घालू म्हणून तिने हळूच मशीन चालू केलं. यंत्र तेव्हा ‘वेळेवर’वर होतं. रेषा गेली पोटातून! मी डोळे वटारले, तिने मशीन थांबवलं आणि ‘मिळतील’ पुन्हा बिनचूक आलं. प्रत्येक शब्दाआधी यंत्र मूळ जागी जाऊन नव्याने मोजायला लागतं, म्हणून तेवढा शब्द वाचला.

आता एकच फळी उरली होती आणि वहिनीची ऑर्डर तर पुरी व्हायलाच हवी होती. मोटरच्या कानावर आवाज पडू नये म्हणून मी तिला रजईत गुंडाळलं आणि जरा चालवून पाहत बसलो.

दुपारी वायरमन आला. त्याने रजईत हात घातला आणि चटका बसल्यावर झटकन बाहेर काढला. “हिला ताप आलाय म्हणून पांघरूण घातलंस, की पांघरूण घातल्याने ताप आलाय?”

मग त्याने माझी शिकवणी घेतली. नॉईज म्हणजे कानाला ऐकू येणारा नव्हे, विजेतला! शिलाई मशीनची जुनी मोटर ठिणग्या उडवत होती आणि तो उपद्रव माझ्या यंत्राच्या तारांत शिरून पावलं चुकवत होता. शिरायला वाट मीच करून दिली होती. वीजपुरवठ्याची वायर आणि मोटरला हुकूम पोचवणाऱ्या बारीक तारा मी शोभेसाठी वहिनीच्याच फितीने एकत्र बांधल्या होत्या. त्याने त्या दूर केल्या, बारीक तारांच्या जागी जाळीचं आवरण असलेली वायर घातली आणि जाळीचं एक टोक अर्थिंगला जोडलं. मग मशीन चालवा, रेडिओही लावा, असं त्याने सांगितलं. खडखडाट, गाणी, दादाचा खोकला, सगळं एकदम सुरू झालं आणि तिसरी फळी बिनचूक उतरली. वहिनीचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी लाकडाच्या भुशाचं नाव पुढे केलं.

रविवारी सकाळी दुसरी आणि तिसरी फळी, दोन्ही कागदात गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या होत्या. पाटी नेऊन लाव, एवढंच मी दादाला सांगितलं. त्याने हाताला लागली ती नेली, कागद फाडला, चार खिळे ठोकले आणि काय लावलं ते न बघता खाली उतरला.

आम्ही पोचलो तेव्हा दुकानापुढे घोळका जमला होता. ‘कपडे वेळेवर मिळतील’ यातलं ‘वेळेवर’ नीट खोडलेलं! वहिनीचा चेहरा उतरला. मी पाटी काढायला धावलो, पण पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी मला अडवलं.

“‘वेळेवर’ लिहिणारे शिंपी खूप पाहिले. लिहून खोडणारी ही पहिलीच. हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही,” म्हणत त्यांनी वहिनीच्या हातात पडद्यांचं कापड ठेवलं. संध्याकाळपर्यंत दुकानातलं कपाट भरलं.

वहिनी आता सगळे कपडे वेळेवर देते, पण पाटी काही उतरवू देत नाही. माझी बिनचूक पाटीही दुकानातच आहे. शिलाई मशीन फरशीवर फार खडखडायचं, म्हणून तिने ती त्याखाली सारली आहे. परवाच मला म्हणाली, “भावजी, तुमच्या पाटीने नॉईज मात्र अगदी बंद झाला हं!”