डब्याला एक मार्क

ग्लेंडा ऑस्ट्रँडरबाईंनी सिलॅबसमध्ये, म्हणजे टर्मच्या सुरुवातीला वाटायच्या अभ्यासाच्या नि मार्कांच्या नियमपत्रकात, एक वाक्य वाढवलं, तेही डीनसाहेबांना खूश करायला. ‘कॉलेजच्या शिधाखोलीसाठी आणलेल्या प्रत्येक डबाबंद वस्तूला एक जादा मार्क.’ वाक्य सुटसुटीत होतं, आणि शिधाखोलीतून गरजूंना फुकट शिधा मिळायचा म्हणून पुण्याचंही होतं. जास्तीत जास्त किती डबे, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं. पण सिलॅबस वाचतंय कोण? इतक्या वर्षांत तो वाचलेला विद्यार्थी बाईंनी पाहिला नव्हता.

ओहायोतल्या बक क्रीक कम्युनिटी कॉलेजात त्या शरीरशास्त्र शिकवायच्या, पण टर्मच्या बोलीवर. टर्म संपली की नोकरी संपली, पुढची सुरू होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. यंदा मात्र पूर्णवेळ जागा निघणार होती. पूर्णवेळ म्हणजे विमा, विमा म्हणजे दाताचा डॉक्टर, आणि बाईंची उजवीकडची दाढ उन्हाळ्यापासून ठणकत होती. त्या फक्त डावीकडून जेवत आणि उजवीकडून सोसत.

“ग्लेंडा, जागा तुझीच समज,” डीन हार्लन स्टब्ज म्हणाले होते. “फक्त तुझ्या वर्गाची एकही तक्रार माझ्या टेबलावर यायला नको. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो त्याच्या आत शिधाखोली भरली पाहिजे. जास्त डबे कोण जमवतं, अशी शेजारच्या कॉलेजशी आपली पैज लागलीय.”

सिलॅबस वाचणारा माणूस त्याच टर्मला उगवला. वेंडेल प्रुइट, वय साठीच्या पुढे, जन्मभर ट्रक चालवून आता अँब्युलन्सवर काम करायला निघालेला. त्यासाठी शरीरशास्त्र पास होणं भाग होतं आणि ह्यात तो दोनदा आपटला होता. हाडांच्या परीक्षेत यंदाही त्याला अडतीस मिळाले.

“मॅडम,” तो तास संपल्यावर म्हणाला, “हे डब्याला एक मार्क लिहिलंय ते खरंय ना?”

“छापलंय ना? मग खरंच.”

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशी त्याने आपली पिकअप वर्गाच्या दाराला मागून लावली. त्याच्या मेहुण्याचं दुकान बुडालं होतं आणि गोदामात क्रीममधल्या मक्याचे डबे उरले होते. तास संपेपर्यंत कोपऱ्यातला हाडांचा सापळा कमरेपर्यंत मक्यात बुडाला. वेंडेलचे मार्क तीनशेच्या घरात गेले.

बाई हसल्या. म्हटलं, जाऊ दे, म्हातारा पास होईल. घरी मार्कांची बेरीज करायला बसल्या तेव्हा मात्र त्यांचं हसू दाढेपाशी येऊन अडकलं. त्यांच्या सिलॅबसमध्ये आणखी एक नियम होता, जुना, त्यांनीच मोठ्या प्रेमाने घातलेला. पेपर अवघड असतात, पोरं हिरमुसतात, म्हणून वर्गातल्या सर्वांत वरच्या मार्कांना शंभर धरायचं आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात बसवायचं. आता सर्वांत वर वेंडेल होता. येसेनिया बारागान, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, जिला चौऱ्याण्णव होते, ती एकतिसावर येऊन नापास झाली.

“मॅडम, मला नर्सिंगला जायचंय!” सकाळी येसेनिया दारातच उभी होती. “मी रात्रभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची ड्यूटी करून हाडं पाठ केली. आणि हे काका मका आणून पहिले?”

“बाळ, मी बघते काहीतरी.”

“बघा हं, नाहीतर मी डीनकडे जाणार.”

डीन हे नाव ऐकताच दाढेतून कळ गेली. तिच्याआधी बाई स्वतःच डीनकडे धावल्या.

“सिलॅबस म्हणजे करार,” स्टब्जसाहेब खुर्चीत मागे रेलले. “मध्येच बदलायचा तर वर्गातल्या प्रत्येकाची सही पाहिजे. बाकी तुझ्या वर्गाने डबे भारी जमवलेत हं! चालू दे.”

बाईंनी ‘पाचाच्या वर डबे धरणार नाही’ असा कागद टाइप केला आणि वर्गात फिरवला. सगळ्यांनी पटापट सह्या केल्या. वेंडेलने कागद दूरवर धरून दोनदा वाचला आणि परत दिला.

“मॅडम, तिसरी खेप आहे माझी. आत्ता कुठे पास व्हायला लागलोय. नाही जमणार.”

“अहो, पण बाकीचे सगळे बुडाले ना!”

“मग त्यांनीही आणावेत. मी कुठे नको म्हणालो?”

ह्यात खोट काढायला जागाच नव्हती. वर्ग कामाला लागला. कोणी राजमा आणला, कोणी ट्यूना, कोणी आजीच्या तळघरातून कुठल्यातरी जुन्या काळचा भोपळा. वरचा आकडा वाढला की बाकीचे खाली जात, की ते आणखी डबे आणत. हाडांबद्दल कोणी चकार शब्द काढेना. सापळा गळ्यापर्यंत गाडला गेला आणि बाई त्याच्या नुसत्या कवटीवर शिकवू लागल्या. वेंडेलचा मका तर आठवड्यात मागे पडला. गावातल्या स्वस्त दुकानांत डबे मिळेनासे झाले, तरी वर्गात ते यायचे थांबले नाहीत.

हे कोडं एका बीटाच्या डब्याने सुटलं. डबा बाजूने चेपलेला, वर केशरी चिठ्ठी अर्धी फाटलेली. येसेनियाने तो टेबलावर ठेवला आणि बाई दचकल्या. हा डबा त्यांच्या ओळखीचा होता. गेल्याच आठवड्यात त्यांनी तो शिधाखोलीतून घरी नेला होता आणि बीट चाववत नाही म्हणून गुपचूप परत ठेवून आल्या होत्या.

शिधाखोलीत कोणाला काही विचारत नसत. एक पिशवी भरायची आणि चालू लागायचं. पोरं तिथून डबे उचलत होती, वर्गात आणून मार्क घेत होती, दर शुक्रवारी त्यातले गाडीभर डबे पुन्हा शिधाखोलीत जात होते, आणि स्टब्जसाहेब दर खेपेला ते नव्याने मोजून फलकावर आकडा चढवत होते.

“येसेनिया, हा डबा तू आणलास कुठून?”

“का हो मॅडम?”

डबा ओळखला म्हणायचं, तर कुठे पाहिला तेही सांगावं लागणार. एम.एस्सी. झालेली बाई फुकटच्या शिध्याची पिशवी घेऊन जाते, हे आख्ख्या वर्गाला कळणार. बाईंनी मुकाट्याने एक मार्क लिहिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी टोपी, काळा चष्मा आणि नाकापर्यंत मफलर अशा थाटात त्या शिधाखोलीपाशी गेल्या. डब्यातले मऊ पेअर हवे होते, दुसरं काही चाववतच नव्हतं. कोपऱ्यावरून वळल्या आणि खिळल्या. रांगेत त्यांचा सगळा वर्ग उभा होता. सगळ्यात शेवटी वेंडेल.

“या मॅडम,” तो सरकून जागा देत म्हणाला. “मफलर छान आहे.”

कोणी बुटाकडे बघत होतं, कोणी पिशवीकडे.

“तुम्हीपण मार्कांसाठी?” वेंडेलने हळूच विचारलं.

बाईंच्या मनात होतं काहीतरी करारी बोलायचं. पण रात्रभर दाढेने झोपू दिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

“खाण्यासाठी,” त्या म्हणाल्या. “टर्मच्या पगारात महिना भागत नाही. विमा नाही, दाढ सडलीय, म्हणून पेअर घ्यायला येते. तो बीटाचा डबा मीच परत ठेवला होता, येसेनिया. आता ज्याला तक्रार करायची त्याने खुशाल करा.”

येसेनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मॅडम, तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटलं तुम्ही श्रीमंत आहात. तुमच्याकडे किती जाकिटं आहेत!”

“एकच आहे गं. आतबाहेर करून घालते.”

वेंडेलने हात पुढे केला. “तो कागद आहे का जवळ?”

कागद पर्समध्येच होता. येसेनियाच्या पाठीचं टेबल करून त्याने सही ठोकली. “पण माझी एक अट आहे. ती हाडं माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत शिकवायची.”

“शिकवते. आधी सापळा उकरून काढू.”

नंतर रोज तासानंतर दोघं बसत. सांधा म्हटलं की वेंडेलच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. ट्रक आणि ट्रेलर जोडायची खुंटी म्हटलं की त्याचे डोळे चमकत. शेवटच्या परीक्षेत तो स्वतःच्या बळावर बहात्तर मिळवून पास झाला. येसेनिया पहिली आली. डीनकडे एकही तक्रार गेली नाही. उलट कॉलेजने पैज विक्रमी आकड्याने जिंकली. स्टब्जसाहेबांनी फलकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि बाईंना पूर्णवेळ नेमणुकीचं पत्र दिलं. आकड्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

जानेवारीत बाई उड्या मारत विम्याच्या खिडकीवर गेल्या.

“अभिनंदन,” खिडकीतली बाई म्हणाली. “दाताचा विमा तीन महिन्यांनी लागू होईल. धोरण आहे.”

“कुठे लिहिलंय?”

“तुम्ही सही केलीत त्यात. वाचलं नाहीत?”

गाल धरून त्या वर्गात परतल्या. टेबलावर क्रीममधल्या मक्याचा एक डबा होता आणि शेजारी वेंडेल टोपी हातात घेऊन उभा होता.

“मेहुण्याकडे हा एकच उरला होता,” तो म्हणाला. “चावावा लागत नाही. आणि मॅडम, ह्याचा मार्क नको.”