घसरलेल्या पायाची चौकशी

सगळा घोटाळा झाला तो मजकूर जरा नेटका लिहावा असं मी ठरवल्यामुळे. 'पाय मोडला' असे दोन शब्द लिहून मोकळा झालो असतो, तर आज ही हकिकत सांगायची वेळ आली नसती.

पाय मोडला तो असा. आमच्या समोरच्या घरात एक बाई राहतात. पदार्थविज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. एकट्याच असतात. दर रविवारी सकाळी त्या आमच्या दोन दारांमधली फरशी साबणाच्या पाण्याने धुतात. त्या रविवारी मी वर्तमानपत्र उचलायला दार उघडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा, ओलं आहे." मी म्हणालो, "दिसतंय मला." (हे मी दोन पायांवर उभा राहून बोललेलं शेवटचं वाक्य.) पुढचं वाक्य मी आडवा होऊन बोललो आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घोट्यापाशी हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं बजावलं. घरी आल्यावर मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवण्यात आलं, पाय समोरच्या स्टुलावर ठेवण्यात आला आणि आयुष्य थांबलं.

आमची ही चष्म्याच्या दुकानात काम करते. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात तिनं ही नोकरी धरली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आता घरी कोणीतरी असतं ना." तेव्हापासून घरी असणारं कोणीतरी म्हणजे मी. एरवी मी बाजारात, वाचनालयात, कोपऱ्यावरच्या दुकानात चकरा मारून दिवस काढायचो. आता चकरा मारणारी एकच वस्तू माझ्यासमोर होती, ती म्हणजे छताचा पंखा. त्याच्या कोणत्या पात्यावर जास्त धूळ आहे, हे मला पाठ झालं. घरातली पुस्तकं एकेकदा वाचून झाली, मग त्यांच्या प्रस्तावना वाचल्या, मग औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. (त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. कंपनीला फोन लावला. उचलला नाही.) सहलीच्या योजना विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तेव्हा मी इतका हरखलो की योजना समजावून घेतली, डोंगर बरा की समुद्र यावर तिचं मत विचारलं, तिच्या आईची तब्येत विचारली. शेवटी तीच म्हणाली, "सर, मी ठेवू का? मला कामं आहेत."

तेव्हा मला आमच्या ऑफिसातल्या निवृत्त मंडळींचा फोनवरचा ग्रुप आठवला. त्यांना कळवलं तर कोणीतरी भेटायला येईल. पण कळवायचं कसं, हा प्रश्न होता. मागे आमच्या कॅशियरने 'स्टोन काढला. ओके.' असं कळवलं होतं. त्याला उत्तरादाखल चार जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल आलं. भेटायला कोणी गेलं नाही. दोष मजकुराचा होता. उभ्या जन्मात मी साहेबांच्या सहीची पत्रं लिहिली. वाचणाऱ्याच्या काळजाला हात कसा घालायचा, हे मला शिकवायची गरज नव्हती. अर्धी सकाळ खर्चून मी लिहिलं :

'मित्रहो, सांगायला संकोच वाटतो. पण आपल्या माणसांपासून लपवण्यात अर्थ नाही. गेल्या रविवारी समोरच्या बाईंच्या दारात माझा पाय घसरला. चूक सर्वस्वी माझी. त्यांनी वेळीच सावध केलं होतं. या वयात हे व्हायला नको होतं. आता घराबाहेर पडायची सोय उरलेली नाही. पत्नीने फार समजुतीने घेतलं आहे. मात्र ती कामावर गेली की घर खायला उठतं. ज्यांना जुना स्नेह आठवत असेल, त्यांनी अवश्य यावं. दुपारी मी एकटाच असतो.'

पुन्हा वाचून पाहिलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पाठवून दिलं.

दुपारपर्यंत एक हात नाही, एक फूल नाही. सगळ्यांनी वाचलेलं मात्र दिसत होतं. संध्याकाळी टाचणीचा फोन आला. टाचणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. शरीराने तसा आणि बोलण्यानेही तसाच.

"वाचलं," तो म्हणाला. आवाज एकदम खालचा.

"मग?"

"मग काय. माणूस आहे. होतं असं."

"होतं कसलं? डोळ्यांना दिसत होतं, तरी पाय टाकला."

"वहिनींना कधी कळलं?"

"लगेच. मीच हाक मारली तिला."

"तू हाक मारलीस?"

"मग काय करणार? बाईंना एकट्यांना मी झेपेना. शेवटी एका बाजूने त्यांनी धरलं, एका बाजूने हिने."

"दोघींनी?"

"दोघींनी मिळून घरात आणलं. बाई फार चांगल्या आहेत रे. अजून रोज दुपारी येतात, ही नसली की. सूप आणतात."

"आणि वहिनींना चालतं ते?"

"तिनंच सांगितलंय त्यांना."

टाचणी म्हणाला, "मी उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी तो केकचा डबा घेऊन आला. दारातच त्याची नजर माझ्या प्लास्टरवर गेली आणि तो डबा धरून तसाच उभा राहिला.

"अरेरे. म्हणजे प्रकरण इथवर गेलं."

"दोन ठिकाणी मोडलंय."

तो जवळ आला, आतल्या खोलीकडे बघून घेतलं आणि कुजबुजला, "वहिनींनी?"

"काय वहिनींनी?"

"बरं, नको बोलूस."

"अरे, फरशीवरून घसरून पडलो मी."

"हो हो. कोणी विचारलं तर हेच सांग. आम्हीही हेच सांगू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मनातल्या मनात माझा मजकूर पुन्हा वाचला आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खरं तर तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. मी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात टाचणीने खुर्ची ओढली आणि अगदी माझ्या गुडघ्याला लागून बसला. माझं बोलणं ऐकण्यासाठी कोणी खुर्ची जवळ ओढल्याचं मला आठवत नव्हतं. ऑफिसात लोक माझ्यापासून खुर्ची लांब न्यायचे. (खिडकी माझ्या बाजूला होती आणि मी ती बंद ठेवायचो.)

"काय सांगू तुला," मी म्हणालो. "झालं ते झालं."

यात खोटं काही नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

टाचणीने केक स्वतःच्या हाताने कापून मला भरवला आणि दिवेलागणीपर्यंत बसला. दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. कॅशियर आला. रेकॉर्डरूममधले दोघे आले. ज्यांनी तीस वर्षांत मला माझ्या गावाचं नाव विचारलं नाही, ते माझी उशी नीट करू लागले. त्यांच्या डोळ्यांत एक नवाच भाव होता. थोडी कीव होती, पण खाली कुठेतरी आदर होता. "दिसतोस गरीब," रेकॉर्डरूमवाला म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. मी खाली बघून मंद हसलो. असं हसता येतं हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या टायपिस्टबाई मात्र आल्या त्याच रागाने.

"लाज नाही वाटली तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"वाटते ना. शेजारी सगळे बघत होते."

"बघत होते?"

"आवाजच केवढा झाला."

त्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. पण गेल्या नाहीत. त्याच पुन्हा दोन दिवसांनी आल्या, बहिणीला घेऊन.

अशाच एका दुपारी खोली भरलेली असताना समोरच्या बाई सूप घेऊन आल्या. सगळे एकदम उठून उभे राहिले. वर्गात आल्यासारखं वाटून बाईंनाही बरं वाटलं असावं.

"बसा," त्या म्हणाल्या. सगळे बसले. मग माझ्याकडे वळून, "पाय खाली का सोडलाय आज?" असं म्हणत त्यांनी माझा पाय उचलून स्टुलावरच्या उशीवर ठेवला. खोलीतून एक निःश्वास निघाला.

"मी यांना त्याच वेळी सांगितलं होतं," बाई मंडळींना समजावू लागल्या. "घर्षण कमी पडलं की माणूस सावरू शकत नाही. निसर्गनियम आहे. त्यात यांचा दोष नाही."

कॅशियरला ठसका लागला. टाचणीने त्याची पाठ चोळली.

ही दुकानातून परत आली की वेगळाच देखावा व्हायचा. तिची चावी दारात फिरली की हसणं थांबायचं. सगळे माझ्या प्लास्टरकडे एकदा आणि तिच्या हातांकडे एकदा बघायचे.

"चहात साखर किती घालू, भाऊजी?" ती टाचणीला विचारायची.

"तुम्ही घालाल तेवढी. नाही घातली तरी चालेल, वहिनी."

मजेत चाललं होतं. पण एका दुपारी टाचणी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रविवारी मोठे साहेब येताहेत."

"कशाला?"

"समेटासाठी. वहिनी, समोरच्या बाई आणि तू. तिघांना समोरासमोर बसवणार आहेत. त्यांनी कोट इस्त्रीला टाकलाय."

माझं सूप थंड झालं. आतापर्यंत लोक माझ्याविषयी काय समजतात एवढाच प्रश्न होता आणि त्यात माझी चैन चालली होती. आता साहेब आमच्या हिला क्षमेचं महत्त्व सांगणार. समोरच्या बाईंना, ज्यांनी माझ्यासाठी रोज सूप आणलं, त्यांना चार लोकांत नको ते विचारणार. एका भल्या बाईंचं नाव मी केकच्या तुकड्यावर विकलं होतं. खुलासा केला तर उद्यापासून पुन्हा मी आणि पंखा. नाही केला तर दोन बायका आयुष्यात पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांतल्या एकीकडे घराची चावी आहे.

ही घरी आली. तिनं पर्स ठेवली, चपला काढल्या.

"मला तुला काही सांगायचंय," मी म्हणालो. "शांतपणे ऐक. लोकांचा असा समज झालाय की मी आणि समोरच्या बाई…"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी नळ बंद व्हायची वाट पाहिली. "कधीपासून?"

"टाचणीभाऊजी पहिल्याच आठवड्यात दुकानात आले होते. चष्मा दाखवायच्या निमित्ताने. मला म्हणाले, वहिनी, मोठ्या मनाने माफ करा." ती टॉवेलला हात पुसत बाहेर आली. "त्यांचा नंबर खरंच वाढलाय."

"आणि तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"मी म्हटलं, माफ करते. पण यांना दुपारी एकटं सोडायची मला भीती वाटते. तुम्ही कोणी ना कोणी रोज येऊन बसत जा."

"तू म्हणालीस असं?"

"मग काय करू? तुम्ही पंख्याशी बोलायला लागला होतात."

(मी पंख्याशी बोलत नव्हतो. एकदा फक्त 'पुरे आता' म्हणालो होतो.)

"पण त्या बाईंचं काय? त्यांना कळलं तर केवढं वाईट वाटेल."

"मीच सांगितलं त्यांना. वाटलं वाईट."

"साहजिक आहे. बदनामी म्हणजे…"

"बदनामीचं नाही हो. म्हणाल्या, लोकांना माझी आवड इतकी खालची वाटली?"

त्याच बैठकीत मी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं : 'समोरच्या बाई फरशी धूत होत्या. ओल्या फरशीवरून मी पडलो. पाय मोडला. बाकी काही नाही.' मी लिहिलेला हा सर्वांत वाईट मजकूर, पण सगळ्यांना पहिल्या वाचनात समजला. टाचणीने लिहिलं, 'हे आधी सांगायला काय झालं होतं? मी केक आणला होता.' टायपिस्टबाईंनी लिहिलं, 'माझ्या बहिणीची फुकट फेरी झाली.' पाय कसा आहे, हे कोणी विचारलं नाही.

मग मोठ्या साहेबांचा मजकूर आला. मी तो हिला मोठ्याने वाचून दाखवला. निदान साहेब तरी दोन शब्द बरे लिहितील, असं वाटलं होतं.

'खुलासा वाचला. आश्चर्य वाटले नाही. सदर गृहस्थांचे काम मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. त्यांनी स्वतःहून पुढाकार घेऊन काही केल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. सबब मूळ अफवेवर माझा विश्वास बसलाच नव्हता. केवळ आग्रहास्तव येणार होतो. आता आवश्यकता नाही.'

बघता बघता त्याखाली अंगठे उमटू लागले. टाचणीचा पहिला, मग कॅशियरचा, मग रेकॉर्डरूमच्या दोघांचा. जे ग्रुपवर कधी तोंड उघडत नाहीत, त्यांचेही आले.

हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ धरून तो मजकूर स्वतः पुन्हा वाचला.

"किती नेमकं लिहिलंय," ती म्हणाली. "अंगठा कुठून देतात हो?"

"तो माझा फोन आहे," मी म्हणालो. पण तोवर तिचं बोट टेकलं होतं.

तेव्हा साहेबांच्या त्या मजकुराखाली आज जे अंगठे दिसतात, त्यांतला एक माझा आहे. (तोही, पाहा, मी स्वतःहून दिलेला नाही.)