देवाजीभाऊंचा उजवा खांदा

आमचे शेजारी देवाजीभाऊ माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत. आधी पोटाकडं बघतात, मग लांबीकडं. बँकेत नवे मॅनेजर आले, त्यांना पहिल्याच भेटीत यांनी सांगितलं, "साहेब, जेवण कमी करा. चौघायनं नाही भागत, सहा लागतीन." कशाला ते कळल्यावर साहेब महिनाभर दुसऱ्या गल्लीनं ऑफिसला गेले.

अलीकडच्या वर्षांत बालाघाटात अशी मयत नाही, जिला भाऊंचा उजवा खांदा लागला नाही. घरात रडं सुरू व्हायच्या आत हे बांबू घेऊन हजर. यमदूत आधी भाऊंकडंच पत्ता विचारायला येतात, असं मी सगळ्यांना सांगतो. अजून कोणी खोटं ठरवलेलं नाही. मग भाऊ उंची बघून खांद्याला माणसं लावणार. "ठेंगण्याले मांगं घ्या रे, मयत घसरते!"

तोच खांदा संधिवातानं खाल्ला. हात छातीच्या वर जाईना. भाऊ तो हलवत तेव्हा जी करकर व्हायची, ती राजेगावपर्यंत ऐकू जात असे. शपथेवर सांगतो.

मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, सांध्यातली गादीच संपली. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलू, धातूचा गोळा बसवू. दुखणं जाईल, केससुद्धा विंचराल."

"अन् वजन?"

"जड वजन त्या खांद्यावर पुन्हा नाही."

"मंग राहू द्या," म्हणत भाऊ उठलेच.

"काहून, भाऊ?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"रघोबाजीले शबद देल्ला. पहिला खांदा माहा."

रघोबाजी आमच्याच गल्लीतले. नव्वदीचे, मूलबाळ नाही, डोळे अधू, बाकी तब्येत बैहरच्या सागवानासारखी. भाऊ रोज संध्याकाळी विचारायला जात, "कसं काय, बाप्पा?"

"मस्त!"

भाऊ खांदा दाबत परत. गल्ली हसायची, "देवाजी वाट पाहून राह्यला, अन् बुढा काही जाऊन नाही राह्यला."

एकदा घास तोंडाशी नेताना भाऊंचे डोळे भरलेले पाहिले आणि मी तडक जाऊन रघोबाजींना सगळं सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "कोरोनात त्याची बायको गेली. साऱ्यायचे दरवाजे बंद. खांद्याले देवाजी, त्याचा साळा अन् साळ्याचा पोरगा. चौथा कोनी नाही. मी गेलतो. तवापासून हा येडा साऱ्यायच्या मयतीले पयते."

काठी टेकत तो भाऊंच्या घरी आला.

"देवा, मेल्यावर मले का समजते, खांदा कोनाचा हाय? आता डोळ्याले दिसत नाही, नदीवर जावं वाटते. त्याले हाय का कोनी?"

"अन् शबद?"

"म्या सोडला. जाय नागपूरले."

भाऊ "हौ" म्हणाले.

ऑपरेशन झालं. हात गळ्यातल्या पट्टीत राहिला, मग भाऊ भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायला शिकले. आता रोज सकाळी दोघं वैनगंगेवर जातात. रघोबाजी विजेच्या खांबाएवढे उंच, तरी भाऊंचा हात त्यांच्या खांद्यावर पोचतो.

परवा मी मागंच होतो. घाटाच्या रस्त्यावर तिरडी आली. भाऊ थांबले, एक पाऊल पुढं गेलंही.

"कोन गेलं रे, देवा?"

"वळखीचं नाही, बाप्पा." भाऊंनी नीट बघून घेतलं. "चौघं हायेत."

आणि हात होता तिथंच ठेवून म्हणाले, "पायरी हाय. हळू."