चार मिनिटांची बॅटरी

लॅपटॉप मुलीचा, कॉलेजातला. नोकरीसाठी दूर जाताना ती तो मास्तरांना देऊन गेली होती. बॅटरी पार बसली होती. वायर निघाली की जेमतेम चार मिनिटं, मग अंधार.

"बाबा, बॅटरी बदला ना!" दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीचं हेच टुमणं.

"चालतंय ना! उगाच कशाला?"

त्या रविवारी बोलता बोलता मास्तर चष्मा घ्यायला उठले. टेबलाच्या पायावर अंगठा सणकून आपटला, "मेलो!" म्हणून ते ओरडले, वायरीत पाय अडकला आणि प्लग निघाला. लॅपटॉप जमिनीवर उताणा पडला. मुलीला नुसता फिरणारा पंखा दिसत राहिला. चार मिनिटांनी तोही गेला.

तिने मोबाईल लावला. तो उशीखाली. शेवटी तिने शेजारच्या काकूंना पिटाळलं. काकूंनी दार बडवलं, पण मास्तर न्हाणीघरात नळाखाली अंगठा धरून बसले होते. त्यांना ऐकू येणार काय, कपाळ! काकूंनी कुलूपवाल्याला आणून दार उघडवलं. मास्तर लंगडत बाहेर येतात तो समोर काकू, कुलूपवाला आणि निम्मी इमारत.

"तुम्ही जिवंत आहात?" काकू जवळजवळ रागावूनच म्हणाल्या.

काकूंनी मुलीला कळवायला फोन केला, तर तिचा सारखा एंगेज आणि रात्री बंद. ती विमानात बसली होती.

सकाळी ती बॅगेसकट दारात उभी. डोळे सुजलेले. "बाबा, तुम्ही 'मेलो' म्हणालात!"

"अगं, अंगठ्याला लागल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

ती हसता हसता रडायला लागली. दोन वर्षांनी आली होती. चार दिवस राहिली. मास्तरांनी रोज तिच्यासाठी दोन वेळा चहा केला आणि तिने तो बिनसाखरेचा असूनही मुकाट्याने प्यायला. पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉप दुरुस्तीला टाकला. "नवी बॅटरी बसली की माझा जीव भांड्यात."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. नवी बॅटरी म्हणजे फोन तुटणार नाही. फोन तुटला नाही तर ही कशाला येतेय धावत?

तिला निरोप देऊन ते घरी न जाता तडक दुकानात गेले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ती बॅटरी... राहू द्या. जुनीच असू द्या."

मेकॅनिकने लॅपटॉप पुढे सरकवला. "जुनीच आहे, मास्तर. तुमची मुलगी कालच येऊन सांगून गेली, बदलू नका म्हणून. वर म्हणाली, बाबांना मात्र बोलू नका."