मागे जोडलेली खोली

घर मागे ओढायचं की पाठीवर घ्यायचं, हा प्रश्न रहिमतपूरजवळच्या त्या वाडीत आजवर कुणाला पडला नव्हता. तो निवृत्त हवालदार नाथाजीला पडला आणि आठवड्याभरात सगळ्या वाडीचा झाला.

झालं असं, की पाहुण्यांना सोडायला नाथाजी आपली लिलावात घेतलेली लष्करी जीप घेऊन पाचगणीला गेला होता. तिथे पठारावर गोऱ्या लोकांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. एकीच्या मागे चाकांची खोली जोडलेली, दुसरीच्या पाठीवरच खोली चढवलेली. जोडलेल्या खोलीच्या दारात एक गोरी म्हातारी बटाटे सोलत होती आणि तिचा म्हातारा शेजारी नुसताच बसला होता. नाथाजी त्या दोघांकडे अर्धा तास बघत राहिला. पाहुणे निरोप घेऊन गेले, तेही त्याला कळलं नाही.

त्याची बायको रंगूबाई तीन वर्षं सांगलीला होती. भांडण मुळीच नव्हतं. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली, मग दुसरी नात झाली, आणि बाई तिथेच अडकली. मुलगा मानसिंग हळदीच्या पेठेत कामाला, बिऱ्हाड दोन खोल्यांचं. नाथाजी भेटायला गेला की पाठ टेकायला जागा नसे. जीपमध्ये झोपायचं आणि सकाळी परतायचं. "घरी चल" एवढं मात्र त्याला कधी म्हणता आलं नाही. सव्वीस वर्षं फौजेत राहून त्याने तिला एकटं ठेवलं होतं, आता कुठल्या तोंडाने म्हणणार? पण एकट्यापुरती भाकरी थापताना त्याला फार वाईट वाटे. रेडिओवर बातम्या लागल्या की तो रेडिओशीच वाद घाली.

चाकांवरची खोली झाली की ती मुलाच्या दारात उभी करायची. मग रंगू हाकेच्या अंतरावर! प्रश्न एवढाच, की कुठली करायची?

शेजारचा लालासाहेब फौजेतला जुना मेकॅनिक. त्याचा कौल पाठीवरच्या खोलीला. "जुना ट्रक घे आनि वर खोली चढीव गड्या. जिथं तू तिथं घर."

गाड्यांच्या बॉड्या बांधणारा आकाराम दुसऱ्या बाजूचा. "आवं, मग मिरच्या आणायला बी घर घिऊनच जावं लागंल! जोडलेली बरी. ती सोडून ठिवायची, वयनी आत बसतील, तुमी मोकळं."

"आनि वयनी नसल्या तर?" लालासाहेब म्हणाला.

नाथाजी उठून उगाचच जीपची काच पुसायला लागला.

शेवटी जिच्यासाठी हे चाललंय तिलाच विचारायचं त्याने ठरवलं. मुलाच्या नावे पोस्टकार्ड घेतलं, पण म्हशीची तब्येत, शाळूचं पीक आणि नातींना आशीर्वाद यातच ते भरून गेलं. कडेला बोटभर जागा उरली, तिथे त्याने आडवं लिहिलं, "रंगूस विचारणे. तिच्यासाठी खोली करतो आहे. मागे जोडू की वर चढवू?"

आठ दिवसांनी सुनेच्या अक्षरात उत्तर आलं. "आत्याबाई म्हणतात, वर नको, चढताना गुडघे दुखतात. मागेच जोडा. पाया भक्कम घ्या. खिडकी उगवतीला ठेवा."

"बगा!" आकारामने मांडीवर थाप मारली. "बाईमानूस, पर गाडीतलं किती कळतंय! पाया म्हंजे आक्सल, चाकांचा दांडा. ट्रकचाच घालू."

ट्रकचा आक्सल घातल्यावर खोली एवढी जड झाली, की जीप चढावर कण्हायला लागली. पण खरा घोळ खिडकीने घातला.

"हवालदार, उगवती कंची धरायची?" आकाराम डोकं खाजवत म्हणाला. "गाडी वळली की उगवती बी वळती."

दोन दिवस दोघांनी डोकं चालवलं. रंगूने तोंडाने काही मागण्याची ही पहिलीच वेळ, त्यात चूक होऊन चालणार नव्हतं. अखेर चारही भिंतींना खिडक्या ठेवल्या, म्हणजे तोंड कुठेही असो, एक तरी उगवतीला येणारच. नाथाजीने दुसरं कार्ड टाकलं, "खोली तयार झाली." आपण ती घेऊन येतोय हे लिहिलं नाही. तिला चकित करायचं होतं.

पाच दिवसांनी पहाटेच तो निघाला. चारी खिडक्यांतून आत धुरळा भरत होता. कराडात बायका विचारायला लागल्या, "खेळ किती वाजता हाय?" पुढच्या एका गावात कुटुंबनियोजनवाले आले असं समजून तरणे गडी उसात पळाले. एसट्या भोंगे वाजवत शेजारून जात होत्या, आतले लोक हात करून हसत होते. नाथाजीही त्यांना हात करत होता. तीन वर्षांत तो एवढा खूश कधी नव्हता.

दुपारी तीनला तो सांगलीत मुलाच्या दारात पोचला. सून लीला बाहेर आली आणि गाडीकडे बघतच राहिली.

"मामंजी, ह्ये काय?"

"खोली! बोलीव तिला."

"आत्याबाई तर सकाळच्या यष्टीनं गावाकडं गेल्या."

"कशाला?"

"आवं, तुमीच न्हवं का परड्यात खोली बांधली? त्येंचा आनंद काय सांगू! कार्ड उशाला घिऊन झोपायच्या. म्हनल्या, मला वाटलं हुतं ह्येंना माझी गरजच न्हाई. आता बोलिवलंय, जाते."

नाथाजी पायरीवर बसला. पाया, खिडकी, गुडघे, सगळं त्याच्या ध्यानात आलं. ती घराच्या मागच्या खोलीचं बोलत होती. आता ती परड्यात उभी असेल आणि तिथे नुसता शेणखताचा ढीग असेल. तिला वाटेल आपली थट्टा केली. संध्याकाळच्या गाडीने परत फिरली, तर पुन्हा कधीच येणार नाही!

"आबा, खोली हितंच सोडा," मानसिंग घरातून बाहेर येत म्हणाला. "जीप मोकळी झाली की तुमी लवकर पोचाल."

दोघांनी खोली सोडली. नाती आत शिरून गादीवर उड्या मारायलाही लागल्या. नाथाजीने चहासुद्धा घेतला नाही.

दिवस मावळताना तो घरी पोचला. दाराला कुलूप. परड्यात रंगूबाई आपल्या ट्रंकेवर बसली होती.

"खोली कुठं हाय?" तिने विचारलं.

"सांगलीत."

"लालासाहेब बी त्येच सांगत हुते. म्या म्हनलं, ह्येंचं डोस्कं फिरलं." तिने त्याच्या धुळीने माखलेल्या कपड्यांकडे बघितलं. "वाटंत एक खुळा खिडक्या-खिडक्यांचं खोकं वढत चालला हुता. यष्टीतली समदी हसली. म्या बी हसले."

"त्यो मीच."

मग नाथाजीने सगळं सांगितलं. गोरी म्हातारी, बटाटे, चार खिडक्या. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "तुला घरी चल म्हनायला जमंना, म्हनून."

परड्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत रंगूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती खोली सांगलीतच. पोरांस्नी जागा झाली. माझ्याऐवजी ऱ्हाईल ती तिथं." आणि पदर खोचून उठली. "कुलूप काढा. चूल पेटवायची हाय."

नाथाजीने खिसे चाचपले. घराची किल्ली सांगलीत होती, खोलीच्या दारामागे खिळ्याला.

"आकारामला घिऊन येतो," तो घाईने वळला. "कुलूप तोडंल."

"बसा वो जरा," रंगूबाई म्हणाली आणि ट्रंकेवर बाजूला सरकली. "तोडंल की मागनं."