कानपूर दौऱ्याचा तुलनात्मक तक्ता

लखनौच्या अलीगंजमधल्या शास्त्रज्ञ वसाहतीच्या बारा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाला कानपूरहून मैत्रीपूर्ण सामन्याचं निमंत्रण आलं. सामना कसा खेळायचा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. जायचं कसं, हा मात्र सगळ्यांना पडला.

लखनौ ते कानपूर अंतर नव्वदेक किलोमीटर. शेकडो माणसं ते रोज कापतात, तिकडे नोकरी करतात आणि संध्याकाळच्या चहाला घरी येतात. पण संघाचा हा पहिलाच बाहेरगावचा सामना होता. आधीचे सगळे सामने पाण्याच्या टाकीखालच्या मैदानावर, वसाहतीच्याच दुसऱ्या संघाशी झाले होते. आणि दुसरा संघ म्हणजे याच मुली, अर्ध्याजणींनी जर्सी उलटी घातलेली.

चूक प्रशिक्षिकेची. नीलमदीदी शेजारच्या महानगर मोहल्ल्यातून स्कूटरवर यायच्या, गळ्यात शिटी, डिकीत तीन बॉल. पालकांच्या बैठकीत त्या सहज म्हणून गेल्या, "ट्रेन से चल सकते हैं, गाड़ियों से भी। आप लोग देख लीजिए।"

समोर बसलेले झाडून सगळे बाप संशोधन संस्थांत नाहीतर सरकारी खात्यांत नोकरीला. त्यांच्याकडे 'देख लीजिए' म्हटल्यावर कुणी नुसतं पाहत नाही. समिती नेमतात.

आठ महिन्यांच्या धाकटीला खांद्यावर थोपटत विभा मागच्या रांगेत उभी होती. तिची थोरली रुचिरा संघाची गोलकीपर. समिती हा शब्द कानावर पडला आणि विभाचं थोपटणं थांबलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. घरातला फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा यावर तिच्या नवऱ्याने, सुबोधने, सव्वा महिना विचार केला होता, आणि तो तर एकटाच होता.

अध्यक्षपदी श्रीपतकाकांची निवड एकमताने झाली. मूळचे वर्ध्याचे काका एका संस्थेच्या भांडार विभागात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. त्यांचं कुणीही संघात नव्हतं, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, म्हणून ते निःपक्ष ठरले. "जयभीम," म्हणून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, खिशातून पट्टी काढली आणि कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारायला घेतल्या.

पहिल्याच बैठकीत समितीची दोन शकलं झाली. सुबोध ट्रेनचा. तो बुरशीवरचा तज्ज्ञ, त्यामुळे जे हळूहळू होतं त्यावर त्याचा विश्वास. राजेश मोटारीचा. त्याने दसऱ्याला सात जणांची गाडी घेतली होती आणि सीटवरचं प्लास्टिक काढायला त्याला एखादा प्रसंग हवा होता.

"ट्रेनमध्ये मुलींना पाय मोकळे करता येतात," सुबोध म्हणाला.

"यार सुबोध, पाय मोकळे करायला त्या मैदानावरच चालल्या आहेत ना?"

"आणि तुझी गाडी सरोजिनी नगरच्या पुढे ट्रकच्या मागे अर्धा तास उभी राहिली तर?"

"एसीत उभी राहील. तुझी ट्रेन सिग्नलला उभी राहिली की काय करशील?"

"खिडकीतून बघेन."

"काय बघशील? दुसरी उभी राहिलेली ट्रेन?"

काकांनी दोघांनाही लिहून द्यायला सांगितलं. तीन आठवड्यांत निकष सतरा झाले. वेळ, थकवा, लघुशंकेची सोय, मळमळीची शक्यता, प्रदूषण, सहप्रवाशांचं वर्तन, आणि सोळाव्या क्रमांकावर, 'खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यांचे शैक्षणिक मूल्य'. प्रत्येकाला दहापैकी गुण. ट्रेनला एकशे चार झाले, मोटारीला एकशे चार. राजेशने फेरमोजणी मागितली. ती झाली. एकशे चार.

"बरोबरी होणारच," काका चष्मा पुसत म्हणाले. "मुळात तक्ताच अवैध आहे. पर्याय दोनच. खुर्ची घ्यायची असो नाहीतर सूक्ष्मदर्शक, प्रस्ताव तीन लागतात. तीन नसले तर ती तुलना होत नाही, नुसतं भांडण होतं."

माना डोलल्या. या नियमावर या सगळ्यांची हयात गेली होती. दुकान गावात एकच असलं तरी हे लोक तीन प्रस्ताव आणत.

"बस?" विभा मागून म्हणाली. इतिवृत्त लिहायला म्हणून तिलाही सदस्य करून घेतलं होतं.

"बस रस्त्यावरून जाते पोरी. म्हणजे ती मोटारीतच आली. तिसरा पर्याय स्वतंत्र हवा."

मेट्रो कानपूरपर्यंत जात नव्हती. नावेचा विचार झाला, पण गोमतीला दुसरीकडे जायचं होतं. कुणीतरी टांगा सुचवला. त्यावर सुबोधने गंभीरपणे सांगितलं की प्राणी आला की नैतिकता समितीची मंजुरी आली, आणि ती समिती मार्चनंतर बसते.

"मग तिसरा पर्याय 'न जाणे' असा लिहा," काका म्हणाले. "फक्त रकाना भरण्यापुरता."

रकाना भरला गेला. 'न जाणे' याला वेळ शून्य मिनिटं लागत होता. थकवा नाही. मळमळ नाही. प्रदूषण नाही. सहप्रवाशांचं वर्तन घरच्यांचं, म्हणजे सवयीचं. लघुशंकेच्या सोयीला दहापैकी दहा. फक्त दृश्यांच्या शैक्षणिक मूल्यात तो थोडा मागे पडला, तरी टाकीवर पोपट येतात म्हणून चार गुण मिळाले. एकूण एकशे चौसष्ट.

एवढा निर्विवाद निकाल त्यांच्यापैकी कुणीच नोकरीत पाहिला नव्हता.

"पण काका, मॅच?" विभाने विचारलं.

काकांनी पट्टीच्या टोकाने सतरा ओळी वरपासून खालपर्यंत तपासल्या. "सामना निकषांत नाही," ते म्हणाले. त्यांना वाईटही वाटलं. "मी काय करू, विभा? तक्ता बोलतोय."

रुचिराला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती हिंदीत द्यायची. त्या दुपारी धाकटी झोपल्यावर विभा रुचिराचे हातमोजे घेऊन बसली होती. दीदींनी स्वतःचे जुने दिले होते. रुचिराच्या हातात ते दोन तव्यांसारखे दिसत. मनगटाशी इलॅस्टिक शिवायचं काम विभा चार दिवस करत होती, कारण तिला एका वेळी सलग मिळायची ती फक्त वीस मिनिटं.

"हम लोग जा रहे हैं ना, मम्मी?"

"बघताहेत बाळा."

"देख तो तीन हफ़्ते से रहे हैं।" तिने एक मोजा घातला, सोफ्यावरून उशीवर झेप घेतली आणि जमिनीवर पडल्यापडल्या म्हणाली, "कानपुर वाली लड़कियाँ बहुत तेज़ मारती हैं, दीदी ने बताया है। मुझे देखना है मुझसे रुकता है कि नहीं।"

विभाने दोरा दातांनी तोडला, धाकटीला उचललं आणि थेट श्रीपतकाकांचं दार वाजवलं.

काका माणूस चांगला. विभाचा चेहरा पाहून त्यांनी नियमांत वाट शोधली. अंमलबजावणी करता येणार नाही असा निकाल लागला, तर 'प्रत्यक्ष पडताळणी' करण्याची तरतूद आहे, असं त्यांना आठवलं. निम्म्या सदस्यांनी ट्रेनने कानपूरला जायचं, निम्म्यांनी मोटारीने, मैदानापर्यंत पोचून परत यायचं आणि नोंदी सादर करायच्या. सगळ्या सदस्यांना सुट्टी एकाच दिवशी मिळत होती, रविवारी. सामना रविवारीच होता.

"अहो, मग मुलींनाही घेऊन जा की!" विभा म्हणाली.

काकांनी कानाला हात लावला. "साधन प्रमाणित झालेलं नाही आणि त्यात लेकरं बसवायची? उद्या काही झालं तर सही कुणाची?"

रविवारी सकाळी सातला समिती निघाली. सुबोधची तुकडी स्टेशनकडे, राजेशची सात सीटच्या गाडीतून. दोन्हीकडे स्टॉपवॉच होतं, पराठ्यांचे डबे होते आणि उत्साह तर एवढा, की कुणीतरी 'जीतेगा भई जीतेगा' अशी घोषणाही दिली. कोण जिंकणार ते मात्र स्पष्ट झालं नाही. काका मोटारीत पुढे बसले, मांडीवर तक्ता घेऊन. त्यांच्याखालचं प्लास्टिक कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत करकरताना ऐकू आलं.

फाटकाशेजारच्या भिंतीवर तेरा मुली ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांची जर्सी सुलट. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण घरी जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पावणेआठला नीलमदीदी आल्या. "ये सब लोग कहाँ गए?"

"कानपूर," विभा म्हणाली.

"और टीम?"

विभाने भिंतीकडे बोट दाखवलं.

दीदींनी हेल्मेट काढलं, मुलींकडे पाहिलं, हेल्मेट पुन्हा घातलं. मग पुन्हा काढलं. "बस से चलें?"

एवढ्यात राजेशची बायको हेमा पायात चपला अडकवत जिन्यावरून खाली आली. तिची लेक मधल्या फळीत खेळायची. "मी येते सोबत. त्या प्लास्टिकवर बसण्यापेक्षा बस बरी, निदान घाम तरी वाळतो. चला गं पोरींनो, मोजा स्वतःला!"

विभाला जायचं होतं. पण धाकटीला दात येत होते आणि रात्रीपासून अंग गरम होतं. तिने रुचिराची इलॅस्टिकं नीट केली, खरं तर ती नीटच होती. रुचिराने दोन्ही मोजे एकमेकांवर आपटले, धप्प, आणि ती दीदींनी थांबवलेल्या टेम्पोत चढली. पाच मिनिटांत सगळ्याजणी बस अड्ड्याच्या वाटेला लागल्या. मतदान झालं नाही.

दहाच्या सुमाराला सुबोधचा फोन आला. "विभा, ऐक. घरापासून मैदानापर्यंत दोन तास छत्तीस मिनिटं. राजेशला दोन तास एकतीस, पण त्याने चहासाठी थांबल्याची वेळ धरलेली नाही, त्यावरून वाद चाललाय. आणि इथल्या कोच विचारताहेत, टीम कुठंय?"

"तू काय सांगितलंस?"

"विचाराधीन आहे म्हणालो."

"टीम बसमध्ये आहे, सुबोध. पोचेल तासाभरात."

पलीकडे कागद चाळले गेले. मग, हळूच, "पण बस तक्त्यात नाहीये गं."

"थांब ना तिथे. साडेअकराला मॅच आहे. लेकीची पहिली मॅच आहे."

"थांबलो असतो. पण परतीची पडताळणी ठरलेल्या वेळेलाच व्हायला हवी, नाहीतर नोंदी जुळणार नाहीत. आमची ट्रेन पावणेअकराची आहे."

आणि तो निघाला. राजेशही निघाला. गंगेच्या पुलावर समोरून एक बस आली; तिच्या खिडकीतून एक भलामोठा हातमोजा बाहेर हलत होता. राजेश म्हणाला, "आत हेमासारखी कुणीतरी दिसली." काकांनी नोंद केली: 'दृश्ये – बरी.'

संध्याकाळी समितीची बैठक विभाच्याच घरी भरली, कारण चहा तिथे चांगला मिळतो यावर मतभेद नव्हते. परतीची ट्रेन वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचली होती, हे आपल्याच बाजूचं कसं आहे ते दोन्ही तुकड्या पटवून देत होत्या. आवाज चढला होता. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि रुचिरा दारात उभी राहिली. एक गुडघा सोललेला, केसांत गवत, मोजे काखेत. मागे हेमा होती, घसा बसलेली, काहीतरी सांगायला तोंड उघडून उभी.

"अरे, आली आली!" राजेश ओरडला. "बस कशी होती? सीट मिळाली?"

"मिली, अंकल।"

"जाताना किती वेळ लागला?" सुबोधने पेन काढलं. "मध्ये कुठे थांबली का?"

"एक बार।"

"सहप्रवाशांचं वर्तन?" काकांनी तक्त्यात चौथी रेघ मारायला घेतली. "दहापैकी सांग बेटा."

"एक आंटी ने मूँगफली दी। नौ।"

शेंगदाण्यांना नऊ गुण जास्त होतात का, यावर चर्चा पेटली. हेमाने दोनदा मध्ये बोलून पाहिलं, पण तिच्या घशातून आवाज निघेना. विभाने रुचिराला हाताला धरून बेसिनकडे नेलं. "खाल्लंस का काही? उलटी नाही ना झाली? गुडघा दाखव बघू. फार झोंबतंय?"

"खा लिया। नहीं हुई। नहीं।"

रुचिराने साबण लावला. खूप वेळ लावला. दोन्ही हात कोपरापर्यंत फेसाने भरले तरी नळ सोडला नाही.

"मम्मी."

"हं?"

"कुछ नहीं।"

टॉवेल हातात धरून विभा उभी होती. आरशात लेकीचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, आत काहीतरी मावेनासं झालेलं. आणि एकदम विभाच्या लक्षात आलं. तिच्या हातातून टॉवेल पडला. ती तिथेच ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली आणि तिने विचारलं.

रुचिराने सांगितलं. फेसाच्या हातांनी, झेपा घेऊन दाखवत, पहिल्या गोलपासून शेवटपर्यंत. आरशापर्यंत पाणी उडालं. धाकटी उठली. बाहेर समितीने ठरवलं की चौथ्या पर्यायामुळे सगळेच गुण नव्याने द्यावे लागतील.

आणि वाचकहो, तुम्ही? ट्रेन बरी की गाडी, याचं उत्तर तुमच्या मनात केव्हाच ठरलेलं असेल. तेरा मुली कशाने गेल्या, किती वाजता पोचल्या, शेंगदाणे कुणी दिले, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. दारात उभी राहिलेली, गुडघा सोललेली पोरगीही तुम्ही नीट पाहिलीत. मॅचचं काय झालं, हे विभाच्या आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं असेल, तर उत्तम.

नसेल वाटलं, तर संकोच करू नका. समितीत एक जागा रिकामी आहे. विभाने त्याच संध्याकाळी पुढच्या सामन्याची बस ठरवली, तेव्हापासून काका तिच्या जागी कुणीतरी अनुभवी माणूस शोधताहेत.