धुरपदाबाई गेल्या त्या सकाळी

"भाकरी करायलीस का भाषण?" उंबऱ्याला टेकून बसलेल्या धुरपदाबाई तोंडातल्या तोंडात कुरकुरल्या. "सकाळधरनं नुसती वटवट. मेलं का एकदाचं कोण, का आजून जित्तंच हाय?"

"मरतंय, आत्याबाई, मरतंय!" परातीत भाकरी फिरवत त्यांची सून शिवकन्या म्हणाली. "आज शेवट लावूनच उठणार! बघाच तुम्ही!"

"लाव बाई. म्या आपली उन्हाला बसते."

म्हातारी गुडघे धरत उठली आणि ओट्यावर गेली. शिवकन्येला तेच हवं होतं. सासूदेखत सासूला मारायचं म्हणजे जरा अवघडच!

शिवकन्या गोष्टी लिहायची. शाळा आठवीतच सुटलेली, पण पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न फेकणारी बाई. यंदा धाराशिवच्या एका दिवाळी अंकानं तिच्याकडं कथा मागितली होती. "ताई, वाचणाऱ्यानं फराळाचं ताट बाजूला सारलं पाहिजे, असा शेवट करा," संपादक म्हणाले होते. "ताट काय, डब्याचं झाकण लावतील!" शिवकन्येनं छातीठोक सांगून टाकलं होतं. आणि तेव्हापासून शेवट रुसून बसला होता.

तिची लिहायची तऱ्हाही जगावेगळी. कागद-पेन घेऊन बसली की डोकं सुट्टीतल्या शाळेसारखं रिकामं. पण हाताला ज्वारीचं पीठ लागलं, भाकरीवर पहिली थाप पडली, की आतली माणसं बोलायला लागायची. म्हणून फोन मिठाच्या डब्याला टेकवायचा, बोटाच्या पेरानं बटण दाबायचं, थापता थापता गोष्ट बोलायची आणि ती स्वतःच्याच नंबरावर पाठवायची. दुपारी ऐकत ऐकत कागदावर उतरवायची.

दुसरी खोड याहून वाईट. पहिल्या खेपेला गोष्टीत घरचीच माणसं घ्यायची, नावासकट! सासूला सुलोचना म्हटलं की ती शहरातल्या बाईसारखी गोडगोड बोलायची. धुरपदा म्हटलं की कसे टोमणे फुटायचे, लाह्यांसारखे! नावं काय, मागून बदलता येतात.

तर त्या सकाळी शिवकन्येनं पीठ मळलं, बटण दाबलं आणि जीव ओतून सुरुवात केली.

"धुरपदाबाई गेल्या हो! पहाटं गेल्या! शेवटपर्यंत जीव अडकला होता तो धाकट्या क्रिष्णात..." थप. थप. थप. "पाणी पाजाया गेले तर मानच पडली!" थप थप थप! बोलता बोलता ती खरीखुरी हुंदके देऊन रडली. तव्यावरची भाकरी करपली तरी रडली. पुढं धाकटा मुलगा धावत येतो, उंबऱ्यावर कोसळतो, ते सगळं सांगायचं होतं. पण नाक इतकं वाहायला लागलं की तिनं म्हटलं, एवढं पाठवून टाकू, मग पुढचं.

नेमकं त्याच क्षणी तेर गावी दिलेल्या नणंदेनं, ज्ञानेश्वरीनं, घरच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'चा गुलाब टाकला. ग्रुप टुणकन वर आला, शिवकन्येचं नाव खाली सरकलं, आणि पीठ लागलेलं बोट जिथं पडायचं तिथंच पडलं. वीज पहाटेपासून गेलेली. गोष्ट घरच्या ग्रुपवर गेली आणि चार्जिंग संपून फोनानंही मान टाकली.

तिकडं तेरला ज्ञानेश्वरीनं ऐकलं. वहिनीचा आवाज, हुंदके, आणि मागं ते थप थप थप! "अगं बया! ऊर बडवून घ्यायलीय वैनी!" तिनं फोन लावला तर फोन बंद. मग शंकाच उरली नाही! तिनं माहेरी येरमाळ्यात शेजारच्या हमिदाबीला फोन केला, "वैनी एकटीच हाय गं, आधी तू जा!" आणि स्वतः जीप ठरवून निघाली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून घालतात. हमिदाबीची भाकरी झालेलीच होती. तिनं पिठलं टाकलं, गल्लीत चार घरी हाक दिली, पदरानं डोळे पुसत शिवकन्येच्या ओट्यापाशी आली, आणि समोर बघते तर मयत उन्हात पाय पसरून कानात काडी घालत बसलेलं!

"या अल्ला! धुरपदामावशी, तुमी तर..."

"काय झालं गं? कोण गेलं?"

हमिदाबीनं हातातलं भांडं पुढं केलं. "पिठलं... पिठलं जास्त झालं, मावशी."

मग पिठल्यांची रांगच लागली. प्रत्येक बाई रडत यायची, म्हातारीला बघून दचकायची आणि भांडं ठेवून ओट्याच्या कडेला बसायची. शिवकन्या बाहेर आली तेव्हा ओटा पिठल्याच्या दुकानासारखा दिसत होता. "कुणाकडं जेवणं हायत का आज?" तिनं निरागसपणे विचारलं. सगळ्या बायांनी तिच्याकडं जे बघितलं, ते बघणं तिला जन्मात विसरता येणार नव्हतं.

तेवढ्यात तिचा नवरा बजरंग आला. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. त्याला कुणीतरी ग्रुपवरचं सांगितलेलं. एवढा दांडगा माणूस, पण मोटरसायकल आडवी टाकून "आई गं!" म्हणत पळत आला.

"काय रं? पडलास कुठं?" आईनं विचारलं.

बजरंगनं आईला चाचपून बघितलं. मग बायकोकडं वळला. "तू आईला मारलंस?"

"गोष्टीत हो, गोष्टीत!"

"आन् ग्रुपवर?"

शिवकन्येनं पीठ लागलेल्या बोटाकडं बघितलं. त्यात ज्ञानेश्वरीची जीप आली. ती फाटकापासून सूर लावत आली, आईला बघून मध्येच अडकली. आणि मग खरंच, आधीपेक्षा मोठ्यानं रडली.

सगळा उलगडा झाल्यावर शिवकन्येला वाटलं, आता म्हातारी आपलं कागदबिगद सगळं चुलीत घालणार. पण धुरपदाबाईंच्या सुरकुत्यांत काहीतरी उजळलं.

"म्हंजी... क्रिष्णाला बी कळलं आसंल?"

कृष्णराज म्हणजे धाकटा. पुण्यात कंपनीत. गावच्या येडाईदेवीच्या तीन यात्रा होऊन गेल्या, त्याचं पाऊल येरमाळ्याला लागलं नव्हतं. 'रजा मिळत नाही त्याला,' असं घरात सगळे म्हणायचे. लाइट गेली म्हणावं तसं, सहज. त्याच्यासाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ घडीचीच होती. हायवेवर पुण्याची गाडी वाजली की म्हातारीची मान आपोआप वर व्हायची.

तेवढ्यात वीज आली. बजरंगनं आत जाऊन शिवकन्येचा फोन चार्जिंगला लावला, तसा ग्रुप उघडला. आईच्या फोटोभोवती गुलाबाची चौकट, बाजूला पणती, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्याखाली कृष्णराजनं लिहिलेलं: 'दादा, रजा मिळत नाही. माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. दहाव्याला जमतंय का बघतो.'

बजरंगनं फोन मागोमाग आत आलेल्या बहिणीला दिला. बहिणीनं हमिदाबीला. हमिदाबीनं वाचून शिवकन्येला दिला आणि पदर तोंडाला लावला. शिवकन्येनं तो पालथा करून मिठाच्या डब्यामागं ठेवला.

"काय म्हणतुय?" ओट्यावरून हाक आली.

"कळलंय त्याला," बजरंग म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"मग निघाला आसंल! खबरदार, कुणी खरं सांगितलं त्येला तर! येऊ द्या हितपर्यंत. ज्ञानू, माझं नवं लुगडं काढ. मयताला आलेल्या लेकाम्होरं फाटक्यात बसू व्हय?"

म्हातारीनं केस विंचरले, नवं लुगडं नेसलं आणि हायवेकडं तोंड करून बसली. आपल्या मयताला एवढी नटून बसलेली बाई गल्लीनं पहिल्यांदाच बघितली. हसावं असं वाटत होतं, पण कुणाला हसू येईना. पुण्याची एक गाडी गेली. दुसरी गेली. पिठलं गार होऊन घट्ट झालं.

"कुठवर आला आसंल गं?"

सगळ्यांनी शिवकन्येकडं बघितलं. गोष्टी सांगणं तिचंच काम ना!

"इंदापूरला, आत्याबाई," ती शेजारी बसत म्हणाली. "लई गर्दी हाय तिथं. ट्रक उलटलाय." थोड्या वेळानं त्याला टेंभुर्णीला आणलं, तिथं टायर बसला. कुर्डुवाडीत त्यानं चहा घेतला, पण घशाखाली उतरेना, तसाच ठेवला. गोष्ट अशी झरझर चालली होती की शिवकन्येला स्वतःलाच तो दिसायला लागला. चुरगळलेला शर्ट, लाल डोळे. असला कृष्णराज तिला इतक्या वर्षांत कधी सुचला नव्हता! बघता बघता तो बार्शीला आला, त्यानं आईसाठी हार घेतला, आणि शिवकन्या अडखळली. बार्शीच्या पुढं येरमाळाच! आता याला अडवायचं कुठं?

"हार घेतला," ती परत म्हणाली. "मोगऱ्याचा. पैसे द्यायचं भानच न्हाय. फुलवाला मागं पळतोय..."

"थांब."

धुरपदाबाईंनी तिचं मनगट धरलं. तेव्हा कुठं शिवकन्येनं खाली बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर चालले होते. थप, थप, थप.

"परात न्हाय, पीठ न्हाय, आन् मघाधरनं थापायलीस," म्हातारी हळूच म्हणाली. "हात चालाय लागलं की मला कळतं, गोष्ट सुरू हाय."

ज्ञानेश्वरीनं मान फिरवली. "आई, रजा मिळत न्हाय गं त्येला..." बजरंगनं सुरू केलं, आणि ते त्याच्याच तोंडात विरलं.

हायवेवर पुण्याची गाडी वाजली. या वेळी म्हातारीची मान वर झाली नाही. तिनं जवळचं पिठल्याचं भांडं ओढलं, हाताशी ठेवलेल्या सकाळच्या करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सुनेच्या हातात ठेवला.

"ऱ्हाऊ दे त्येला बार्शीतच. लई लांबवर आणलंस, बाई. म्या मेले तरी त्यो यायचा न्हाय."